ई-फॉइल आणि कृष्णाकाठच्या ऐकीव गोष्टी

फळीवर माणूस उभा आहे आणि फळी पाण्यापासून दोन फूट वर आहे. मागं शीड नाही, ओढणारी बोट नाही, इंजिनाची घरघर नाही. दुबईतल्या कुणा नातेवाइकानं पाठवलेला असा व्हिडिओ आता कुरुंदवाडच्या कट्ट्यावरही दाखवला जातो आणि त्याभोवती लगेच ठाम मतं तयार होतात: हे समुद्रातलं काम, हे तालमीतल्या पोरांचं काम, यात शॉक बसतो. ही मतं तपासून घ्यायला हवीत, कारण आपल्या गावाला पाणी लांब नाही. पंचगंगा आणि कृष्णा इथंच भेटतात, पलीकडं नरसोबाची वाडी. राजापूर बंधाऱ्याला बरगे घातले की कृष्णेचं पाणी मागं फुगतं आणि महिनोन्‌महिने संथ उभं राहतं. असं पाणी दारात असताना आज ना उद्या कुणी हौशी माणूस हा बोर्ड घेऊन घाटावर येईलच. तो यावा असंच मला वाटतं. पण त्यानं आणि घाटावर उभं राहून पाहणाऱ्यांनी काही गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी हे यंत्र, म्हणजे ई-फॉइल, काय आहे ते पाहू. वर सर्फिंगच्या फळीसारखा बोर्ड, त्याच्या पोटात बॅटरी. बोर्डाखाली साधारण दोन-अडीच फुटांचा सरळ, पातळ खांब. खांबाच्या तळाशी मोटर आणि पंखा, आणि त्याखाली विमानाला असतात तसे दोन आडवे पंख, पुढं मोठा, मागं लहान. हातात पाण्यात चालणारा रिमोट, त्याला खटका. खटका दाबला की वेग वाढतो, सोडला की मोटर बंद. सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही. वळणं, चढणं, उतरणं सगळं शरीराच्या तोलावर.

‘लाटा लागतात, म्हणजे समुद्रच हवा.’ सर्फिंग हा शब्द ऐकून झालेला हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. लाटेवरच्या सर्फिंगला ढकलणारी शक्ती लाट देते. इथं ती मोटर देते. शिकणाऱ्याला तर लाट नकोच असते. सपाट, रुंद, वारा नसलेलं पाणी त्याच्यासाठी सर्वांत चांगलं, आणि म्हणून जगभर हे धडे तलावांत, खाड्यांत, बंदराच्या आतल्या शांत पाण्यात दिले जातात.

फळी वर उचलली कशी जाते हे कळलं की पुढचे निम्मे गैरसमज आपोआप गळतात. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असतं. त्यामुळं विमानाला आकाशात जेवढा प्रचंड पंख आणि वेग लागतो, त्याचा अगदी छोटा अंश पाण्यात पुरतो. नवशिक्याच्या बोर्डाचा पुढचा पंख सुमारे १५०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तो झेरॉक्सच्या अडीच कागदांएवढा झाला. ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेग आला की एवढासा पंख पंचाहत्तर किलोचा माणूस आणि तीस किलोचा बोर्ड सहज पेलतो. पण ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंखाचा कोन तोच ठेवून वेग दुप्पट केला तर उचल चौपट होते. घाबरलेला माणूस खटका घट्ट आवळतो आणि त्याचा बोर्ड एकदम उसळून वर येतो, याचं कारण हेच. पंख पाण्याबाहेर डोकावला की हवा आत शिरते, उचल क्षणात संपते आणि माणूस तोंडावर आपटतो. वेगाची हौस पहिल्या दिवशी आवरायची ती या गणितापायी. चांगला शिक्षक रिमोटवर वेगाची मर्यादा घालूनच तो हातात देतो.

‘तालमीतल्या पोरांनाच जमेल.’ कोल्हापूर जिल्ह्यात हा समज होणं स्वाभाविक आहे, पण इथं जोर उपयोगी पडत नाही, बऱ्याचदा तो आडवाच येतो. दंडात ताकद असलेला माणूस बोर्डाशी झटतो, पायांनी तो दाबून धरू पाहतो, आणि प्रत्येक झटक्याला पंख तेवढाच उलटा प्रतिसाद देतो. पहिलवानाच्या अंगातली जी गोष्ट इथं खरोखर कामाला येते ती म्हणजे पवित्रा: गुडघे वाकलेले, कंबर खाली, नजर समोर, अंग सैल पण सावध. पन्नाशी ओलांडलेल्या, व्यायामाची फारशी सवय नसलेल्या माणसांनाही हे जमतं. गुडघे मात्र बरे हवेत, कारण पोटावरून गुडघ्यांवर आणि गुडघ्यांवरून पायांवर येणं हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

शिकण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये. प्रथम पोटावर पालथं पडून, कमी वेगात, पंख पाण्यातच ठेवून सरळ जायचं. यात रिमोटच्या खटक्याची सवय होते. मग गुडघ्यांवर, पुन्हा तेच. मग उभं राहायचं, पण वर उचलू द्यायचं नाही. फळी पाण्याला टेकलेलीच ठेवून इकडून तिकडं फिरायचं. ही पायरी बहुतेकांना कंटाळवाणी वाटते आणि घाईत सोडली जाते. माझ्या मते सगळं शिक्षण इथंच आहे. पाय नेमके कुठं ठेवायचे, वजन किती पुढं घ्यायचं, वळताना पावलाची कोणती कड दाबायची, हे अंगात मुरतं ते याच वेळात. त्यानंतर वेग थोडा वाढवून मागच्या पायावर किंचित भार दिला की पुढचं टोक वर येतं आणि फळी पाणी सोडते. पाण्याचा सळसळाट थांबतो, पायाखालची थरथर थांबते. त्या क्षणी नवशिका दचकून मागं झुकतो आणि पडतो. करायचं असतं नेमकं उलटं: वर उठताच वजन पुढच्या पायावर, नजर लांब काठावर. पुढचा पाय दाबला की फळी खाली येते, सैल सोडला की वर जाते. खटका एका जागी स्थिर धरून उंची शरीरानं सांभाळायची, हे ज्याला कळलं त्याला ई-फॉइल आलं. योग्य मार्गदर्शन असेल तर बरेच जण पहिल्या तास-दोन तासांतच काही क्षण तरी वर तरंगतात. सफाईनं वळणं घ्यायला त्याहून बराच जास्त सराव लागतो.

पडण्याबद्दलचाही एक समज आहे, की पडणं म्हणजे अपयश. खरं तर पहिला धडा पडण्याचाच असायला हवा. तोल गेला असं वाटताच खटका सोडायचा आणि बोर्डापासून लांब, बाजूला, आडवं पाण्यात जायचं. शेवटपर्यंत फळी वाचवत बसणारा माणूस तिच्याच अंगावर किंवा पंखावर पडतो. पाण्याखालून वर येताना एक हात डोक्यावर धरायचा. पंखांच्या कडा पातळ असतात आणि इजा बहुतेकदा त्यांच्यामुळं किंवा बोर्डाच्या कडेमुळं होते.

इथून पोहण्याकडं येऊ. कृष्णाकाठचा माणूस पोहण्यात कमी नाही. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आणि घाटाच्या पायऱ्यांवरून सूर मारणाऱ्या किती पिढ्या इथं झाल्या. पाण्याची भीती नसणं ही या खेळातली सर्वांत मोठी शिदोरी, आणि ती आपल्याकडं आयती आहे. पण तिच्यातूनच सर्वांत घातक समज निघतो: ‘मी पट्टीचा पोहणारा, मला जॅकेट कशाला?’ ताशी वीस किलोमीटर वेगानं जाताना डोक्याला बोर्ड लागला आणि शुद्ध गेली, तर पोहण्याची कला त्या माणसाला वाचवू शकत नाही. म्हणून हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारं, मार झेलणारं, तरंगतं ठेवणारं जॅकेट प्रत्येकानं घालायचं, शिक्षकानंसुद्धा. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात ब्रह्मनाळजवळ बचावाची बोट उलटली आणि नदीकाठीच वाढलेली माणसं त्यात गेली. त्या दिवसानंतर कृष्णाकाठच्या कुणालाही जॅकेटचं महत्त्व वेगळं सांगावं लागू नये.

विजेचा धक्का बसेल ही भीती मात्र जवळजवळ निराधार आहे. बॅटरीचा दाब साधारण पन्नास व्होल्टच्या आसपास असतो, घरातल्या २३० व्होल्टच्या पाव भागाहूनही कमी, आणि बॅटरी व मोटर पाणी शिरणार नाही अशा बंदिस्त आवरणात असतात. काळजी घ्यायची ती काठावर. बॅटरीचे जोड कोरडे आहेत ना हे पाहूनच ती बसवायची, आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि उन्हात तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. लिथियम बॅटरीला लागलेली आग विझवणं फार अवघड असतं.

आता आपल्या नद्यांबद्दल. ‘पाणी आहे, मग कुठंही उतरा’ हा समज गावात सर्वांत महाग पडेल. खांब, पंख आणि वरून पडणारा माणूस यांचा हिशेब केला तर किमान दीड ते दोन मीटर खोली हवी, आणि तळाशी दगड, बुडालेली झाडं, जुन्या बांधकामाचे अवशेष नकोत. काठालगत शेतीपंपांच्या पाइपा असतात, पात्रात मासेमारीची जाळी असतात. दोन्ही पंख्याचे शत्रू. पंचगंगेत केंदाळ येतं. ते पंख्यात गुंतलं तर बोर्डाचा वेग एकदम तुटतो आणि माणूस पुढं फेकला जाऊ शकतो. शिवाय तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेकदा येतात. ज्या पाण्यात मासा जगत नाही त्यात नवशिक्यानं दिवसाला पन्नास वेळा तोंड बुडवू नये. पंचगंगा पुन्हा खेळण्याजोगी व्हावी ही इच्छा मनापासून आहे, पण आजच्या घडीला तिथं उतरू नका असंच मी सांगेन. कृष्णेतही भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरींचा वावर आहे. त्यामुळं कोणत्याही टप्प्यात उतरण्याआधी तिथल्या नावाड्याला आणि मासेमाऱ्याला विचारणं ही पहिली पायरी. पात्राचा खरा नकाशा त्यांच्याकडं असतो.

पावसाळ्यात तर विषयच नको. बरगे काढलेले असतात, कोयनेचा विसर्ग येतो, संगमावर दोन वेगवेगळ्या वेगांची पाणी एकमेकांत घुसून भोवरे करतात. वाडीला दक्षिणद्वार सोहळ्याची वेळ आली म्हणजे नदी कुठवर चढली हे गावाला सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळून संथ झालं की मगच हा विचार करावा.

आणखी एक समज, की आवाज नाही, धूर नाही, म्हणजे कुणाला त्रासही नाही. जेट-स्कीच्या मानानं लाट आणि आवाज खरंच फार कमी होतो, काठाची माती ढासळत नाही. पण आवाज नसल्यामुळंच पोहणाऱ्याला मागून काही येतंय हे कळत नाही. स्नानाचे घाट, वाडीच्या देवळासमोरचं पात्र, मुलं डुंबतात त्या जागा यांच्या आसपासही ई-फॉइल फिरकता कामा नये. इतर माणसांपासून निदान पन्नास-साठ मीटर लांब राहायचं. परवानगीचाही प्रश्न आहे. नदीवर व बंधाऱ्यांवर पाटबंधारे खात्याचा अंमल आहे, राज्यातल्या जलक्रीडा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात, आणि यंत्रावर चालणाऱ्या अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. ‘छोटी फळी तर आहे’ म्हणून विचारायचं टाळू नये.

हे श्रीमंतांचं नवं खूळ आहे, असंही म्हणतात. नवी आहे ती बॅटरी. पंखावर तरंगण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. १९०६ मध्ये इटलीत एन्रिको फोर्लानिनी यांनी मॅजोरे सरोवरावर अशी नाव चालवली. टेलिफोनमुळं आपल्याला माहीत असलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या ‘एचडी-४’ नावेनं १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या आणि पतंगाच्या फॉइल बोर्डांच्या शर्यती झाल्या. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये तीस प्रवाशांची विजेवरची फॉइल-बोट रोजच्या वाहतुकीला लागली आणि उपनगरातून शहरात यायचा पाऊण-एक तासाचा जलप्रवास अर्ध्या तासावर आला. नदीकाठच्या गावांनी या तंत्राकडं पाहावं ते यासाठी. हौसेचा बोर्ड हे त्याचं सर्वांत लहान रूप आहे.

पैशांचं म्हणाल तर खर्चाचा समज मात्र खरा आहे. दोन युनिट विजेत बॅटरी भरते आणि तास-सव्वा तास चालते, पण नामांकित बोर्डाला आयातशुल्क धरण्याआधीच कित्येक लाख मोजावे लागतात. दुबईहून येणाऱ्या भाच्याला बॅगेतून आणायला सांगू, हा बेतही मनातून काढून टाका. प्रवासी विमानात विमान कंपनीच्या परवानगीनंही १६० वॉट-तासांपर्यंतचीच लिथियम बॅटरी नेता येते, आणि या बॅटऱ्या दीड-दोन हजार वॉट-तासांच्या असतात. म्हणून आधी बोर्ड घेऊ नये, धडा घ्यावा, सुट्टीला जिथं जाल तिथं मिळत असेल तर. पैसे भरण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या: डोक्याला बसणारं हेल्मेट, मापाचं जॅकेट, सोबत राहणारी बचावाची बोट किंवा कयाक, आणि पाणी किती खोल आहे या प्रश्नाला न अडखळता मिळालेलं उत्तर. यांतली एक जरी कमी असेल तर तिथं उतरू नका, दुसरी जागा शोधा.