घरचे मैदान आणि बरोबरीचा न्याय

गोव्यातून घाट चढून गेले की लागणाऱ्या हुबळी-धारवाडच्या जोडशहराने फेब्रुवारी २०२६ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना पाहिला. मैदान कर्नाटकाचे, प्रेक्षक कर्नाटकाचे; समोर प्रथमच अंतिम फेरी गाठणारा जम्मू-काश्मीरचा संघ. पाहुण्यांनी पहिल्या डावात ५८४ धावा उभारल्या, यजमानांचा डाव २९३ वर आटोपला. सामना अनिर्णित राहिला. पण २९१ धावांच्या आघाडीवर करंडक पाहुण्यांकडे गेला.

यजमानपणाचा लाभ काल्पनिक नव्हे. ओळखीचे मैदान, प्रवासाच्या शिणातून सुटका आणि गर्दीच्या गजराचे पंचांच्या मनावर नकळत येणारे दडपण, हे सारे यजमानांच्या पदरात आयतेच पडते. नियमाने त्याची भरपाई करण्याचा प्रयोग फुटबॉलने करून पाहिला. घरी एक व परगावी एक असे दोन सामने होऊन एकूण गोल समान राहिले, तर परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ विजयी, हा नियम युरोपीय महासंघाने १९६५ मध्ये स्वीकारला. पाहुण्यांनी बचावात दडून न राहता चढाई करावी, हा हेतू. परंतु पाहुण्यांचा एक गोल भारी पडेल या धास्तीने यजमानच दारे लावून बसू लागले. अखेर २०२१ मध्ये महासंघाने तो नियम रद्द केला.

त्याच वर्षी मार्चमध्ये बरोबरीचा चटका गोव्यालाही बसला. करोनाच्या साथीमुळे इंडियन सुपर लीगचे सर्व सामने येथेच, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर झाले; घर आणि परगाव हा भेदच उरला नाही. उपांत्य फेरीत एफसी गोवा व मुंबई सिटी यांचे दोन्ही सामने २-२ आणि ०-० असे बरोबरीत सुटले आणि पेनल्टी फटक्यांवर मुंबईने ६-५ अशी बाजी मारली.

मग न्याय्य कसोटी कोणती? आमच्या मते, जी साऱ्या संघाच्या खेळातून निघते ती. गोल कोठे झाला यावरून त्याचे मोल ठरविणे हा हिशेबनिसाचा न्याय. पेनल्टी हा नाइलाजाचा. पहिल्या डावाची आघाडी निदान साऱ्या संघाने कमावलेली असते. अर्थात तीही निर्दोष नाही. मोठी आघाडी हाती आली की विजयाची निकड सरते. हुबळीतही पाहुण्यांनी फॉलोऑन न लादता पुन्हा फलंदाजीच पत्करली.

सर्वथा निर्दोष नियम सापडणे कठीण. म्हणूनच तो आधी जाहीर होणे अगत्याचे. गावोगावच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांच्या आयोजकांनी एवढे तरी पाळावे. बरोबरी झाल्यावर शोधलेला नियम कितीही शहाणा असला, तरी त्यावर यजमानांच्या सोयीचा संशय राहतोच. हुबळीत यजमान हरले. पण नियमाने दगा दिला, असे म्हणण्यास त्यांना जागा नव्हती. पराभूताला एवढे समाधान देणे, हेच खऱ्या यजमानाचे कर्तव्य होय.