कोंड्यावर पोसलेली विकरे

विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. कागद, कापड आणि पशुखाद्याच्या कारखान्यांना ते स्वस्तात पुरवायचे तर ते बनवणाऱ्या जिवाणूला शुद्ध साखरेवर पोसणे परवडत नाही, शेतातले उरलेसुरलेच त्याच्यापुढे ठेवावे लागते. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ही दिशा दीर्घकाळ जोपासली गेली. तेथील आर. सी. कुहाड यांच्या गटाने २००८ साली बॅसिलस प्युमिलस या जिवाणूच्या एमके००१ या वाणापासून कमी खर्चात झायलॅनेज काढून ते वेड्या बाभळीच्या लाकडातून साखर मिळवण्यासाठी वापरले. दिल्लीच्या रिज या टेकड्यांच्या रांगेवर माजलेली विलायती कीकर ती हीच.

झायलॅनेज वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील झायलॅन, म्हणजे सेल्युलोजभोवती गुंफलेली दुसरी शर्करासाखळी, तोडते. कागदाच्या लगद्यात ते मिसळले की विरंजनासाठी क्लोरीन कमी लागते. मात्र शिजून आलेला लगदा गरम आणि अल्कधर्मी असतो, त्यात टिकणारी विकरे पुष्कळदा जिवाणूंकडेच सापडतात. शिवाय त्यांत सेल्युलोज तोडणारे सेल्युलेज मिसळलेले नसावे, नाहीतर कागदाचा धागाच कुरतडला जाईल.

प्रयोगशाळेतली कृती दिसायला घरगुती वाटते. शंकूपात्रात गव्हाचा कोंडा ओला करून १२१ अंश सेल्सिअसला वाफेने निर्जंतुक करतात, थंड झाल्यावर त्यात जिवाणूंचे विरजण टाकतात, आणि दोन-तीन दिवसांनी तो पाण्यात कालवून मलमलीतून पिळून काढतात. पाणी मोकळे न ठेवता ओलसर घनपदार्थावरच सूक्ष्मजीव वाढवण्याच्या या रीतीला घनावस्था किण्वन म्हणतात. गाळलेल्या द्रवातले विकर झायलॅनवर सोडायचे आणि सुटलेली साखर डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाने मोजायची: उकळत्या पाण्यात पिवळे द्रावण नारिंगी-तपकिरी होते, आणि रंग जितका गडद तितके विकर कार्यक्षम. अशा मापनांना शिस्त लावण्यातही दिल्लीचा वाटा मोठा आहे. आयआयटी दिल्लीचे तरुणकुमार घोष यांनी १९८७ साली आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी सेल्युलेजच्या मोजमापाची पद्धत लिहिली, आणि ५० मिलिग्रॅम वजनाची गाळणकागदाची पट्टी, ५० अंश तापमान व एक तास हा तिचा हिशेब जगभर प्रमाण मानला जातो.

तरीही ‘कचऱ्यापासून विकर’ हा शब्दप्रयोग जरा सैल आहे. कोंडा कचरा नव्हेच, तो म्हशीच्या गव्हाणीत जातो आणि त्याला बाजारभाव असतो. जिवाणूला तो आवडतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे आणि सहज सुटणाऱ्या शर्करांमुळे. खरा नकोसा माल म्हणजे सिलिकाने भरलेला भाताचा पेंढा, ज्याला जनावरेही फारशी तोंड लावत नाहीत आणि जो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणाच्या शेतांत पेटतो. तो आधी उष्णता किंवा आम्लाने फोडल्याशिवाय विकरालाही दाद देत नाही. दिल्लीपासून जवळच्या पानिपतात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने उभारलेला, ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी आखला आहे, आणि त्याच्याही मुळाशी आधी पेंढा फोडण्याचाच प्रश्न आहे.