मोटरसायकलचा ऑइल फिल्टर निवडताना: डबीच्या आत काय असते?

हिवाळाभर झाकून ठेवलेली मोटरसायकल वसंत ऋतूत बाहेर काढली, की अमेरिकेच्या उत्तर भागातील अनेक चालक पहिले काम हाती घेतात ते इंजिन ऑइल बदलण्याचे. ऑइल कोणते घ्यावे, यावर पुष्कळ चर्चा होते. त्याबरोबर बदलायचा फिल्टर मात्र बहुधा किंमत पाहून उचलला जातो. दुकानाच्या फळीवर एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या चार-पाच डब्या मांडलेल्या असतात. त्यांतील काही मोटरसायकल कंपनीच्या नावाने विकल्या जातात, तर बाकीच्या इतर उत्पादकांच्या असतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात आणि खरा फरक बंद पत्र्याच्या आत राहतो. म्हणून तो समजून घेणे आवश्यक ठरते.

भारतात हीरो होंडाच्या १०० सीसी गाड्या चालवलेल्या वाचकांना कदाचित कागदी फिल्टर बदलल्याचे आठवणार नाही. त्या इंजिनांत तारेची जाळी आणि वेगाने फिरून जड कण कडेला फेकणारा केंद्रोत्सारी फिल्टर असे. दोन्ही साफ करून पुन्हा वापरता येत. मोठ्या क्षमतेच्या आणि अधिक वेगाने फिरणाऱ्या इंजिनांना एवढ्यावर भागत नाही. तेथे ऑइल दाबाखाली घड्या घातलेल्या कागदातून किंवा कृत्रिम धाग्यांच्या पडद्यातून गाळावे लागते.

मोटरसायकलची अडचण वेगळी का?

मोटारीत इंजिनाचे ऑइल बहुतांशी इंजिनापुरतेच असते. बहुतेक जपानी आणि अनेक युरोपीय मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच ही तिन्ही अंगे एकाच ऑइलात काम करतात. त्यामुळे ज्वलनातून निर्माण होणाऱ्या काजळीबरोबरच गिअरच्या दातांचा धातूचा चुरा आणि क्लचच्या पट्ट्यांची झीजही त्याच ऑइलात उतरते. हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विन गाड्या याला अपवाद आहेत. त्यांत इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल स्वतंत्र असते.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनाच्या बेअरिंगमधील फट याहून कमी, काही दशक मायक्रॉनांची असते. या फटीच्या मापाच्या आसपासचे कण सर्वाधिक घातक ठरतात, कारण ते आत शिरतात आणि तेथेच घासत राहतात. डोळ्यांना दिसणारा चुरा जाळीतही अडकतो. फिल्टरची परीक्षा होते ती न दिसणाऱ्या कणांवर.

आतील तीन भाग

पहिला भाग म्हणजे गाळणारा पडदा. स्वस्त फिल्टरमध्ये तो लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदाचा असतो, मधल्या दर्जात कागद व कृत्रिम धागे यांचे मिश्रण आणि वरच्या दर्जात संपूर्ण कृत्रिम धागे असतात. उत्पादकाने ठरवलेल्या मुदतीत ऑइल बदलणाऱ्यासाठी चांगल्या प्रतीचा कागदही पुरेसा ठरतो. कृत्रिम पडदा अधिक घाण सामावून घेतो व प्रवाहाला कमी अडवतो. दूरच्या प्रवासासाठी त्याचा उपयोग होतो.

खोक्यावर ‘२० मायक्रॉन’ एवढेच छापले असेल, तर त्यावरून फारसा बोध होत नाही. त्या मापाचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही स्वतःला २० मायक्रॉनचा म्हणवू शकतो. ‘इतक्या मायक्रॉनचे इतके टक्के कण’ असे दोन्ही आकडे आणि आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख असेल, तरच दोन फिल्टरांची तुलना करता येते.

दुसरा भाग म्हणजे बायपास झडप. थंड सकाळी ऑइल दाट असते आणि पडद्यातून सहज जात नाही. पडद्याच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ही झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट इंजिनाकडे जाते. मळके ऑइल मिळणे वाईट असले, तरी ऑइलच न मिळणे त्याहून वाईट. झडपेची स्प्रिंग फार नरम असेल, तर ती वारंवार उघडते आणि फिल्टर नावापुरता राहतो. ती फार कडक असेल, तर दाबाने पडदा फाटण्याचा किंवा इंजिनाला ऑइल कमी पडण्याचा धोका निर्माण होतो. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असते. म्हणूनच ‘बसतो’ आणि ‘योग्य आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात.

तिसरा भाग म्हणजे ऑइल मागे वाहू न देणारी रबरी झडप. अनेक मोटरसायकलींत फिल्टर इंजिनाच्या पुढच्या भागात आडवा बसवलेला असतो. इंजिन बंद झाल्यावर त्यातील ऑइल खाली निथळून गेले, तर पुढच्या वेळी सुरू करताना पहिले काही क्षण बेअरिंग कोरडी फिरतात. सिलिकॉनची झडप उष्णतेत आणि थंडीतही लवचीक राहते. साधे रबर कालांतराने कडक होते.

माप जुळले म्हणजे झाले का?

होंडा, यामाहा, कावासाकी आणि सुझुकी यांच्या अनेक गाड्यांच्या फिल्टरला २० मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. काही मोटारींच्या फिल्टरलाही हेच आटे असल्याने मोटारीचा स्वस्त फिल्टर मोटरसायकलला लावण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. आटे जुळतात, म्हणून तो फिरून घट्टही होतो. परंतु गॅस्केटचा व्यास, डबीची लांबी, एक्झॉस्टच्या नळीपासूनचे अंतर आणि बायपासचा दाब या चार गोष्टी आट्यांवरून कळत नाहीत. मोटारीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा ऑइल पंपही त्याच वेगाच्या प्रमाणात फिरत असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

काही गाड्यांत डबी नसतेच. पुण्याजवळील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होऊन परदेशी जाणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये झाकणामागे नुसता गाळणारा पडदा बसवतात. अशा फिल्टरसोबत येणारी रबरी कडी नवीन व योग्य मापाची असणे तितकेच महत्त्वाचे असते. जुनी कडी वापरून वाचवलेले पैसे पुढे ऑइलच्या गळतीत जातात.

खरा धोका रस्त्यावर

मोटारीच्या इंजिनातून ऑइल गळले, तर रस्ता खराब होतो. मोटरसायकलच्या पुढच्या भागातील फिल्टरमधून गळले, तर ते मागच्या चाकाच्या टायरवर येऊ शकते आणि वळणावर गाडी घसरते. शर्यतीच्या ट्रॅकवर अनेक ठिकाणी ऑइल फिल्टर व ऑइलचे बोल्ट तारेने बांधून घेण्याचा नियम असतो, तो याच कारणाने. के अँड एनसारख्या काही उत्पादकांच्या डबीच्या टोकाला जोडलेल्या नटला छिद्र ठेवलेले असते, ते या तारेसाठी. हा नट फिल्टर काढताना सोयीचा पडतो. बसवताना त्यावर पाना लावून जोर देऊ नये.

बसवण्यापूर्वी जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. एकावर एक दोन गॅस्केट आली, तर दाबाखाली गळती जवळजवळ ठरलेलीच. नव्या गॅस्केटला ऑइलचा हलका हात लावावा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच आवळावे आणि इंजिन काही मिनिटे चालवून खाली डाग पडतो का, ते पाहावे.

वॉरंटी जाते का?

‘कंपनीचा फिल्टर लावला नाही, तर वॉरंटी रद्द’ हे वाक्य काही सर्व्हिस काउंटरवर ऐकू येते. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, विशिष्ट नावाचा सुटा भाग वापरण्याची अट घालून वॉरंटी देता येत नाही. तो भाग फुकट दिला जात असेल किंवा फेडरल ट्रेड कमिशनने सूट दिली असेल, तरच अपवाद होतो. याच मुद्द्यावर २०२२ मध्ये कमिशनने हार्ली-डेव्हिडसनवर कारवाई केली आणि इतर उत्पादकांचे भाग वापरल्यास वॉरंटी जाते, असे सुचवणाऱ्या अटी काढून टाकण्यास भाग पाडले.

याचा अर्थ कोणताही फिल्टर लावून निश्चिंत व्हावे, असा मात्र नाही. बाहेरच्या फिल्टरमुळेच इंजिन बिघडले असेल, तर त्या बिघाडाची भरपाई कंपनी नाकारू शकते. म्हणून फिल्टर आणि ऑइल यांच्या पावत्या, तारीख आणि मैलांची नोंद जपून ठेवावी. वाद उद्भवलाच, तर तोंडी सांगण्यापेक्षा ती नोंद अधिक कामाला येते.

निवड कशी करावी?

आधी पुस्तिकेतील मूळ फिल्टरचा क्रमांक पाहावा आणि उत्पादकाच्या स्वतःच्या तक्त्यात आपल्या गाडीचे मॉडेल व वर्ष तपासावे. नावाजलेल्या उत्पादकाचा, बायपासचा दाब जाहीर करणारा फिल्टर मूळ फिल्टरइतकाच विश्वासार्ह ठरू शकतो. ऑनलाइन बाजारात अनोळखी विक्रेत्याकडून अतिशय स्वस्त मिळणारा ‘मूळ’ फिल्टर बनावट असण्याची शक्यता असते. पुसट छपाई, खडबडीत आटे आणि सैल गॅस्केट ही त्याची लक्षणे. बाहेरचा आणि मूळ फिल्टर यांच्या किमतीत बहुधा काही डॉलरांचाच फरक असतो. शंका असेल, तेथे मूळ फिल्टर घेणे परवडते.

काढलेला फिल्टर गरम असतानाच उपडा ठेवून रात्रभर निथळू द्यावा. एका वेळी बदललेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे आहे. वाहनांच्या सुट्या भागांची अनेक मोठी दुकाने जुने ऑइल विनामूल्य स्वीकारतात. तेथेच फिल्टरही घेतात का, हे आधी विचारून जावे.