पाऊल तपासायला शिकताय? इथून सुरुवात करा

कार्तिक वद्य एकादशीला वसईतल्या निर्मळची जत्रा सुरू होते. विमलेश्वराच्या आणि शंकराचार्यांच्या दर्शनाला लोक येतात, जत्रेत मनसोक्त फिरतात. त्यात मधुमेही आजी-आजोबाही असतात. आपल्याकडे वाडीत अनवाणी वावरायची सवय आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर काटा रुतलेलाही कळत नाही. म्हणूनच पोडायट्री, म्हणजे पावलांची वैद्यकीय काळजी, शिकणाऱ्यांनी पाया पक्का करायला हवा.

🦶 रचना: एका पावलात २६ हाडं. कुठल्या भागावर किती भार येतो, ते आधी समजून घ्या.

👀 पाहणी: टाचेच्या भेगा, घट्टे, नखं, बोटांच्या बेचक्या आणि चप्पलसुद्धा बघा.

✋ रक्तपुरवठा: एक नाडी पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्यामागे. दोन्ही पावलांवर तपासा.

🪡 संवेदना: १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तपासणीचा बारीक तंतू) वाकेपर्यंत टेकवा, घट्ट्यावर मात्र नको. रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत. कंपनांसाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वापरा.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बधिर पावलाला जखमा होतात त्या वेदनेचा इशारा मिळत नाही म्हणून. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडत राहतो. त्यामुळे मलमपट्टीइतकंच तो दाब कमी करणंही महत्त्वाचं.

घरात मधुमेही असतील तर रोज त्यांचे तळवे बघा. जखम, सूज किंवा काळपटपणा दिसला तर घरी कापाकापी न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

#पायांचीकाळजी #निर्मळ #वसई