मूल अडतंय तिथूनच वाचन

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्त्यांत कुणाच्या घरी मालवणी बोलतात, कुणाच्या घरी घाटावरची मराठी, तर कुणाकडे भोजपुरी. तिसरीच्या वर्गात पुस्तक मात्र सगळ्यांपुढे एकच येतं. काही मुलं धडा घडाघडा म्हणतात आणि मधल्याच ओळीवर बोट ठेवलं की गप्प होतात. धडा पाठ झालेला असतो, वाचता येत नसतं. अशा मुलाला 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणणं हा अन्याय आहे. ते नेमकं कुठे अडतंय, हे आधी शोधायला हवं.

1995 साली मुंबईतच सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेची वाचन-तपासणी इथे फार उपयोगी पडते. 2005 पासून 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणात हीच पद्धत वापरतात. एका वेळी एकच मूल शेजारी बसवायचं. पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची, नाही जमला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. पाचांपैकी चार अक्षरं ओळखता आली की मूल अक्षरांच्या पातळीवर आहे असं धरायचं. मध्येच टोकायचं नाही, आणि बाकीची मुलं ऐकत बसलेली नसावीत. चारचौघांत फजिती झालेलं मूल पुढे तोंडच उघडत नाही.

गट पाडायचे ते या पातळीवरून, इयत्तेवरून नव्हे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हा उपक्रम तपासला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांचे गुण वाढलेले दिसले.

खरी चढण लागते ती आपल्या लिपीत. 'पिशवी'तली पहिली वेलांटी डोळ्यांना 'प'च्या आधी दिसते, पण उच्चारायची 'प'नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, म्हणायचा मात्र 'य'च्या आधी. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते. 'ख' तर कित्येकांना 'रव' वाटतो. म्हणून अ ते ज्ञ एका दमात घोटून घेऊ नये. म, क, ल, र आणि काना एवढंच आधी घ्यावं आणि लगेच शब्द करावेत: काका, मामा, कमल, माला, कमाल. अर्थ असलेलं काहीतरी आपण वाचलं, हे मुलाला सुरुवातीलाच जाणवतं. माझ्या मते निम्मी भीती इथेच जाते.

मग स्टेशनवरची पाटी घ्या. 'भांडुप'मध्ये काना आहे, अनुस्वार आहे, उकारही आहे. मूल 'भां-डु-प' असं सुटं म्हणतं, मग जोडतं. इथला अनुस्वार 'ण्'सारखा, 'आंबा'तला 'म्'सारखा; पण हा नियम सांगत बसायची गरज नाही. शब्द ओळखीचा असला की उच्चार आपोआप बरोबर येतो. ज्याच्या घरी मराठी नाही त्याची ही ओळखच कमी पडते. त्याला आधी गोष्ट ऐकू द्यावी, तिच्यावर बोलू द्यावं. मग त्यानेच सांगितलेलं वाक्य बाईंनी फळ्यावर लिहावं: 'आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं.' बोट फिरवत तो ते वाचतो, आणि 'च्या' हे जोडाक्षर धड्याआधीच हाताखालून जातं.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन झालं तरी पुष्कळ. आईला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, 'पुढे काय झालं?' असं विचारता येतं.

एवढं करूनही काही महिन्यांत मूल पुढे सरकेना, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. ती सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते. जाताना मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. कोणती अक्षरं उलटी पडतात, काय गळतं, हे त्यांत दिसतं.