मध्यरात्रीची ‘चिक्’

विलायतेतल्या मराठी घरांत फोडणी आणि छताला लावलेला धुराचा अलार्म यांचे हाडवैर जुने आहे. सुकी मिरची तेलात पडली की तो पांढरा डबा किंचाळू लागतो. मग एकजण खुर्चीवर चढून टॉवेल हलवितो, दुसरा कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडतो. हे निदान जागेपणी घडते. खरा छळ त्याच्या बारीक ‘चिक्’ आवाजाचा: साधारण मिनिटाला एकदा, आणि बहुधा पहाटे सुरू होणारा.

पहाटेच का? थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. रात्री हीटिंग बंद असते, तेव्हा संपत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज मर्यादेखाली उतरतो आणि यंत्र कुरकुर करू लागते. सकाळी घर तापले की ते गप्प, आणि माणसेही विसरून जातात. आवाज कोणत्या खोलीतून येतो हेही चटकन उमगत नाही, कारण सेकंदाला सुमारे ३००० कंपनांच्या पट्टीतील आवाजाची दिशा ओळखणे आपल्या कानांना जड जाते. वयाबरोबर हीच उंच पट्टी ऐकू येईनाशी होते. नातवंडे वैतागतात आणि आजोबा शांत झोपतात, यात हसण्यासारखे काही नाही. खऱ्या आगीची शिटीही त्यांना ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा असलेले अलार्म मिळतात.

वैतागून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि सर्वांत घातक. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. ती आग चौथ्या मजल्यावरील एका फ्रीजमधून सुरू झाली, आणि त्या घरातला माणूस जागा झाला तो अलार्मच्या आवाजानेच.

तेव्हा बॅटरी काढली तर त्याच दिवशी नवी घाला. बॅटरी काढूनही डबा ‘चिक्’ करीत असेल तर त्यात थोडी वीज उरलेली असते. टेस्टचे बटन काही सेकंद दाबून धरले की ती निघून जाते. घरच्या विजेवर चालणाऱ्या अलार्मच्या आतही बॅटरी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डब्यावर किंवा त्याच्या मागे तारीख छापलेली असते. दहा वर्षे झाली असतील तर बॅटरी बदलण्यात अर्थ नाही, डबाच बदलावा. आणि ‘चिक्’ करणारा डबा कार्बन मोनॉक्साइडचा तर नाही ना, हे आधी पाहावे. त्या वायूला वास नसतो.

इंग्लंडात २०१५ साली खाजगी घरमालकांवर प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा अलार्म लावण्याचे बंधन आले. २०२२ पासून ते कौन्सिलच्या घरांनाही लागू झाले. स्कॉटलंडचा कायदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. १ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे, घर स्वतःचे असो वा भाड्याचे, बैठकीच्या खोलीत व प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म हवा, पण स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सर्व एकमेकांना जोडलेले. उष्णतेचा अलार्म धुराकडे पाहत नाही; त्याच्याजवळची हवा साठ अंशांच्या आसपास तापली तरच तो ओरडतो. मिरचीच्या खकाण्याने घरातल्यांना ठसका लागेल, त्याला नाही.