काळ्या खिडकीतील लहान अवजारे

बारामतीहून निरेकडे जाताना वाटेत वडगाव निंबाळकर लागते. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. येथील मुले आता अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बारामतीला आणि पुण्याला जातात. तेथे एके दिवशी त्यांच्यासमोर संगणकावर एक काळी खिडकी उघडते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही. कोपऱ्यात एक लहानशी खूण तेवढी लुकलुकत असते. मूल गोंधळते. भ्रमणध्वनी लीलया हाताळणारा हा मुलगा किंवा मुलगी या खिडकीपुढे हात आखडून बसते, आणि ‘हे आपले काम नव्हे’ अशी खूणगाठ मनाशी बांधते. ही खूणगाठ सोडवावी एवढाच आमचा आजचा उद्देश आहे.

प्रथम ही खिडकी म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या यंत्रावर आणि त्याच्या स्मरणावर देखरेख करणारा जो मूळ कारभारी, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. या कारभाऱ्याकडून काम करवून घेण्याच्या दोन रीती आहेत. एक, पडद्यावरील चित्राकडे बोट दाखवणे. दुसरी, शब्दांनी सांगणे. परमुलखातील बाजारात भाषा येत नसेल तर आपण वस्तूकडे बोट दाखवतो आणि काम भागते. परंतु ‘कालच्या मालातली, पण डाग नसलेली, दोन शेर द्या’ हे बोटाने सांगता येत नाही. तेथे भाषाच लागते. काळी खिडकी ही त्या भाषेची जागा. तिला टर्मिनल असे नाव आहे.

ही भाषा १९६९ सालची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचावयास घेतली ती त्या वर्षी. त्या वेळी संगणकाशी बोलावयाचे ते खडखडणाऱ्या तारयंत्रासारख्या टंकयंत्रावरून. त्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा अक्षरे. साहजिकच आज्ञांची नावे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांची पडली. नवख्याला ती आज मंत्रासारखी गूढ वाटतात. वस्तुतः त्यांत गूढ काही नाही, टंकणाऱ्याच्या बोटांचे श्रम वाचवण्याची ती काटकसर होय. पुढे १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांना मोकळा केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सवरच उभी आहे. ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा भ्रमणध्वनी आहे, त्यांच्याजवळ हा गाभा आधीच येऊन पोहोचला आहे.

आता अवजारांकडे वळू. आम्ही नावे उच्चारानुसार सांगू; टंकताना ती इंग्रजी लहान लिपीत टंकावी आणि शेवटी एन्टरची कळ दाबावी.

अनोळखी गावात उतरल्यावर पहिला प्रश्न, आपण आहोत कोठे? त्याचे उत्तर ‘पी-डब्ल्यू-डी’ देते. आपल्याकडे या तीन अक्षरांनी रस्ते-बांधकामाचे खाते आठवते; येथे त्यांचा अर्थ ‘मी सध्या ज्या कप्प्यात आहे त्याचे नाव सांग’ एवढाच. दुसरा प्रश्न, येथे काय काय आहे? त्याला ‘एल-एस’. तिसरी गरज, दुसरीकडे जाण्याची. तिला ‘सी-डी’ आणि पुढे कप्प्याचे नाव. ‘सी-डी’पुढे दोन टिंबे दिली की माणूस एक पायरी वर येतो, आणि नुसते ‘सी-डी’ म्हटले की थेट आपल्या घरी पोहोचतो. या तीन शब्दांवर नवख्याने दोन दिवस नुसते हिंडावे. हिंडण्याने काही मोडत नाही.

पुढे वाचणे आले. ‘कॅट’ हा शब्द मांजराचा नव्हे. एकापुढे एक जोडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो तुकडा आहे. दिलेली फाइल तो पडद्यावर ओततो. फाइल लांब असेल तर ‘लेस’ वापरावे. ते पानापानाने दाखवते, आणि ‘क्यू’ दाबले की बाहेर सोडते. हा ‘क्यू’ ठाऊक नसल्यामुळे अडकून पडलेले आणि शेवटी वीजच बंद करणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. चालू काम मध्येच थांबवावयाचे असेल तर कंट्रोलची कळ दाबून धरून ‘सी’ दाबावा. नाव अर्धे टंकून टॅबची कळ दाबली तर, त्या अक्षरांनी सुरू होणारे नाव एकच असल्यास, यंत्र ते स्वतः पुरे करते. आणि वरच्या बाणाची कळ मागची आज्ञा परत आणून देते.

एवढे सगळे लक्षात कसे राहावयाचे, अशी शंका कोणी घेईल. लक्षात ठेवावयाचेच नाही! ‘मॅन’ म्हणजे मॅन्युअल, माहितीपुस्तक. ‘मॅन एल-एस’ असे म्हटले की एल-एसची सारी माहिती समोर येते. युनिक्सचे पहिले माहितीपुस्तक १९७१ च्या नोव्हेंबरात निघाले. अवजाराबरोबर त्याची माहिती देण्याची ती शिस्त आजही टिकली आहे. ही पाने इंग्रजीत आणि रूक्ष आहेत हे खरे. पण सरावाने त्यांतील नेमकी ओळ हेरता येते.

येथपर्यंतची कामे चित्रांवर बोट ठेवूनही झाली असती. या भाषेची खरी किंमत पुढे कळते. एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘ऊस’ नावाची एक फाइल आहे. तीत प्रत्येक गाडीची एक ओळ. गाव, उसाचा वाण आणि वजन टनांत.

वडगाव,८६०३२,१२
होळ,२६५,९
वडगाव,२६५,१४
कोऱ्हाळे,८६०३२,११
होळ,८६०३२,१०
वडगाव,८६०३२,१३

फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत टंकलेले आहेत असे समजावे. त्याचे कारण पुढे येईल. ८६०३२ या वाणाच्या गाड्या किती? ‘ग्रेप’ हे शोधण्याचे अवजार. जी, आर, ई, पी ही त्याची अक्षरे. ‘ग्रेप ८६०३२ ऊस’ म्हटले की तो आकडा असलेल्या ओळी तेवढ्या निघतात. ‘डब्ल्यू-सी’ हे मोजण्याचे अवजार. त्याला ‘उणे एल’ अशी पुस्ती जोडली की ते ओळी मोजते. या दोहोंना जोडते ती एक उभी रेघ. ती बहुतेक कळफलकांवर एन्टरच्या कळीजवळ असते.

ग्रेप ८६०३२ ऊस | डब्ल्यूसी -एल

उत्तर येते, चार. सहा ओळींची मोजणी बोटांवरही झाली असती. परंतु साठ हजार ओळी असल्या तरी आज्ञा हीच, आणि वेळ क्षणाचाच.

या उभ्या रेघेला इंग्रजीत पाइप म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहिले होते की, बागेत पाणी देण्याच्या नळीला नळी जोडतात तसे कार्यक्रमाला कार्यक्रम जोडता आले पाहिजेत. १९७३ साली ते युनिक्समध्ये प्रत्यक्षात आले. आपल्या भागात याचे उदाहरण शोधावयास लांब जावयास नको. सोमेश्वरचा कारखाना जवळच आहे. तेथे ऊस वजनकाट्यावरून गव्हाणीत पडतो. पुढचे यंत्र त्याचा रस काढते. त्याच्या पुढचे रस निवळते. कोणी तो आटवते, कोणी पाकात दाणा धरवते, आणि अखेरचे यंत्र मळी बाजूला काढून साखर वेगळी करते. काटा रस काढत नाही, चरक साखर मोजत नाही. प्रत्येकाचे काम एक. परंतु एकाचे निघालेले दुसऱ्याच्या तोंडी बरोबर बसते. युनिक्सच्या अवजारांचे सारे मर्म यातच आहे.

आता थोडा लांब प्रवाह करून पाहू. कोणत्या गावाच्या गाड्या किती, आणि सर्वांत जास्त कोणाच्या?

कट -डी, -एफ१ ऊस | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

‘कट’ स्वल्पविरामापाशी ओळ तोडून पहिला तुकडा, म्हणजे गावाचे नाव, घेतो. ‘सॉर्ट’ नावे क्रमाने लावतो. ‘युनिक’ एकसारख्या ओळींची एक ओळ करून त्या किती होत्या ते लिहितो. शेवटचा ‘सॉर्ट’ मोठी संख्या वर आणतो. वडगाव तीन, होळ दोन, कोऱ्हाळे एक, असे उत्तर मिळते. मधला पहिला ‘सॉर्ट’ गाळला तर मात्र उत्तर चुकते. कारण युनिक फक्त लगतची ओळ पाहतो, दूरची नाही. आपल्या फाइलीत वडगावच्या ओळी विखुरलेल्या आहेत. त्या आधी शेजारी आणल्याशिवाय तो त्यांना एक मानत नाही. अवजार लहान असते ते असे. त्याची मर्यादा ओळखणे हेच त्याचे शिक्षण.

मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या अवजारांच्या लेखी देवनागरी आठ आणि इंग्रजी आठ हे एक नव्हेत. फाइल देवनागरी अंकांत असेल आणि शोध इंग्रजी अंकांत घेतला तर हाती शून्य लागेल. आणि ‘सॉर्ट’चे संख्येनुसार लावणे तर इंग्रजी अंकच ओळखते. दुसरी गोष्ट मोजणीची. ‘वडगाव’ या शब्दात काना धरून पाच चिन्हे आहेत. परंतु आज रूढ असलेल्या युनिकोडच्या साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून ‘डब्ल्यू-सी’ला बाइट विचारले तर तो या शब्दाचे पंधरा सांगेल, चिन्हे विचारली तर पाच, ओळ संपल्याची खूण दोन्हीकडे एकाने अधिक धरावी. तिसरी गोष्ट क्रमाची. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडच्या संकेतांकांत तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी बसला आहे. नुसत्या संकेतांकाने याद्या लावल्या तर ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’च्या वर जाते. यंत्र चुकत नसते. त्याला दिलेला क्रम आपला नसतो, एवढेच.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तीन अवजारे. ‘सी-पी’ प्रत काढते, ‘एम-व्ही’ हलवते किंवा नाव बदलते, आणि ‘आर-एम’ पुसून टाकते. चित्रांच्या जगात पुसलेली वस्तू सहसा कचऱ्याच्या टोपलीत पडून राहते. ‘आर-एम’ला टोपली नाही. पहिली दोनही, त्याच नावाची फाइल समोर आली तर न विचारता तिच्यावर लिहून मोकळी होतात. तिघांनाही ‘उणे आय’ जोडले म्हणजे ती आधी विचारतात.

याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. एका वाचनालयाची ग्रंथयादी आम्ही रोज संध्याकाळी बसून टंकत होतो. जुन्या प्रतींची नावे ‘टिंब बॅक’ने संपत, तेवढ्याच पुसाव्या म्हणून आम्ही ‘आर-एम’पुढे तारा टंकला. तारा म्हणजे ‘कोणतेही नाव’. ताऱ्याला चिकटून ‘टिंब बॅक’ यावयाचे होते. मध्ये एक रिकामी जागा पडली. यंत्राने ती दोन वेगळी नावे मानली. ‘कोणतेही नाव’ म्हणून त्या कप्प्यातील प्रत्येक फाइल पुसली, आणि वर ‘टिंब बॅक’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रारही केली! तीन आठवड्यांपूर्वीची एक प्रत दुसरीकडे होती म्हणून यादी वाचली; मधले तीन आठवडे गेले ते गेलेच.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्या वेळी ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपल्याकडे सांगतात. एका अक्षराने धरण्याचे मारणे होते हे आपल्याला शिकवावयास नको. येथे तर अक्षरही लागले नाही, रिकामी जागा पुरली. तेव्हापासून आम्ही एक नेम पाळतो. काहीही पुसण्याआधी तीच नावे ‘एल-एस’पुढे टंकून पाहतो. जी यादी दिसेल तीच पुसली जाणार असते. ती पटली तरच वरच्या बाणाने आज्ञा परत आणून ‘एल-एस’च्या जागी ‘आर-एम’ लिहितो. महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवतो. आणि कोणी परक्याने सांगितलेली आज्ञा अर्थ न कळता कधी चालवत नाही. न वाचता कागदावर अंगठा उठवल्याने आपल्या वाडवडिलांच्या जमिनी गेल्या. तीच चूक नव्या कागदावर करण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, एवढी जोखीम असेल तर चित्रेच बरी. रोजच्या कामाला ती बरीच आहेत. त्यांचा अव्हेर करावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु चित्रांत तेवढेच करता येते, जेवढे चित्र काढणाऱ्याने आधी योजले. शब्दांत मात्र ज्याने कधी आपले गाव पाहिले नाही अशा माणसाची अवजारे जोडून आपल्या गावचा हिशेब मांडता येतो. उसाच्या गाड्या, वाचनालयाची पुस्तके, पाण्याच्या पाळ्या, यांच्या याद्या आपल्या आहेत. त्यांना प्रश्न विचारण्याची ताकदही आपल्या हाती असावी. ती मिळवावयास विकत काही घ्यावे लागत नाही. एखादा जुना संगणक, फुकट मिळणारी प्रणाली आणि पंधरा दिवसांचा सराव पुरतो.

तेव्हा ती खिडकी उघडली म्हणजे दचकू नये. पहिल्या दिवशी ‘पी-डब्ल्यू-डी’ एवढेच टंकावे. आपण कोठे आहोत हे कळले की पुढची वाट काढता येते.